दिवा विझला की कुणी येतं

१२ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि एका जागी बसून हे पत्र वाच. चालता चालता वाचू नकोस. तुझी आई तशीच वाचायची आणि दाराच्या चौकटीला धडकून वर मलाच रागवायची.

फोन का उचलत नाही म्हणून विचारलंयस. अगं, कानातलं यंत्र लावलं तरी फोनवर तू टाकीच्या तळाशी बसून बोलल्यासारखी वाटतेस. मी आपली 'हं हं' करते आणि ठेवून देते, मग दिवसभर तू काय बोलली असशील याचा विचार करत बसते. पत्रात कशी स्वच्छ ऐकू येतेस! तेव्हा लिहीतच जा.

नवी जागा चांगली आहे. तुझ्या काकांच्या मागं ते मोठं घर झाडत बसण्यापेक्षा ही एक खोली बरी. इमारतीत सगळी माझ्याच वयाची मंडळी. लिफ्ट अशी मऊ की चढतोय का उतरतोय ते कळत नाही, आणि जिकडंतिकडं गालिचे, त्यामुळे कुणाचं पाऊल वाजत नाही. इमारत हुशार आहे म्हणे. दिवे आपले आपण लागतात, पडदे आपले आपण सरकतात. एकदा मी पडद्याला 'थांब' म्हटलं तर थांबला नाही, म्हणजे हुशारीलाही मर्यादा आहेच.

तुला गंमत वाटेल अशी एक वस्तू आहे. माझ्या पलंगाच्या बरोबर वर छताला बशीएवढी पांढरी चकती बसवली आहे. तिला म्हणे माझी हालचाल कळते. मी पडले आणि उठले नाही, तर ती खाली ऑफिसात कळवते. चित्र दिसत नाही, नुसतं कळतं, अशी ऑफिसवाल्यांनी शपथ घेतली आहे. तिच्या कडेला हिरवा ठिपका असतो. तो अधूनमधून विझतो. विझला की खाली ऑफिसातल्या पडद्यावर माझ्या खोलीच्या नंबरापुढं लाल होतं. मग ते माझी घंटी वाजवतात, ती मला ऐकू येत नाही, मग त्यांचा माणूस वर येतो. मी धडधाकट आहे हे बघतो, चकतीकडं बघतो, डोकं खाजवतो. तोवर ठिपका परत लागलेला असतो.

त्या माणसाचं नाव मी बिगूल ठेवलंय. मला ऐकू यावं म्हणून तो इतक्या जोरात बोलतो की पलीकडच्या बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्या उत्तर देत असतील. आला की चहा घेतो. परवा आम्ही बदाम सात खेळलो. लबाडी करतो, पण ती धड जमत नाही, लगेच पकडला जातो.

तर माझ्याकडं असं येणंजाणं चालू असतं. तू काळजी करू नकोस. तू जेवतेस का वेळेवर?

तुझी मावशी


२० फेब्रुवारी

मावशी,

बसले. खरंच बसले, केबलच्या रिकाम्या रिळावर. सध्या एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत काम चालू आहे. खुर्च्या अजून यायच्यात, माणसंही. भिंतींना रंगाचा वास आहे आणि खिडक्यांवर अजून प्लास्टिक आहे.

जेवते वेळेवर. आम्ही सगळे एकत्रच जेवतो. माझा जोडीदार लंबू, सुतारकाका, रंगकाम करणारे दोघं भाऊ. डबे उघडले की असा गोंगाट होतो की विचारू नकोस. लंबू दुसऱ्याच्या डब्यातलं खातो आणि स्वतःचा संध्याकाळसाठी ठेवतो. त्यामुळे माझी चिंता सोड.

तुझा तो ठिपका मात्र माझ्या डोक्यात बसला. मी करते काय हे तुला कधी नीट सांगितलं नाही, आता ऐक, कारण हे तुझ्या डोक्यावरच टांगलेलं आहे.

पूर्वी केबल भिंतीतल्या सॉकेटपर्यंत यायची. तिथून यंत्रापर्यंत कारखान्यात बनलेली छोटी तयार वायर जोडायचे. आता छतातला कॅमेरा, दिवा, तुझी चकती, यांना सॉकेटच नसतं. खालच्या खोलीतून निघालेली लांब केबल थेट छतात येते आणि तिच्या टोकावर जागेवरच, शिडीवर उभं राहून, हातानं प्लग चढवतात आणि तो सरळ यंत्रात खोचतात. केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा असतात, दोन दोन पीळ घातलेल्या. त्या प्लगमध्ये शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत आणि त्यांचा पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडता कामा नये. माहिती त्याच तारांतून जाते आणि वीजही. चढवणाऱ्याचा हात शिडीवर अवघडला की घोडं तिथंच अडतं.

माझं काम ते बघायचं. दोन्ही टोकांना एकेक यंत्र लावते, बटण दाबते आणि ती केबल पास की नापास ते सांगते.

मला वाटतं तुझा प्लग नीट बसलेला नाही. ठिपका कधी विझतो ते जरा बघशील का? छतातली हवा सुरू होते तेव्हा? कुणी वर चालतं तेव्हा? नीट बघून लिही.

तुझी भिंगरी


३ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तांब्याच्या तारांपाशी पेंगले, दुसऱ्यांदा सगळं कळलं. तू शिडीवर चढतेस हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धरायला खाली कुणी असतं ना? त्या लंबूला सांग, डबे नंतर खा, आधी शिडी धर.

ठिपका कधी विझतो ते मी काही टक लावून बघत बसत नाही. मला दुसरी कामं आहेत. पण तू विचारलंस म्हणून सांगते, दुपारी छतातला वारा घरघरत सुरू होतो तेव्हा बहुतेक विझतो. रोज नाही. काही आठवडे अगदी भरवशाचा असतो, काही आठवडे दगा देतो.

मागच्या आठवड्यात बिगूल आला तेव्हा मी स्वयंपाकाच्या ओट्याशी बरणी घेऊन उभी होते. झाकण सकाळपासून हलत नव्हतं. त्यानं एका हातानं उघडलं आणि म्हणाला, "आजी, ह्यासाठी खाली लाल दिवा लागायला हवा होता." मी म्हटलं, लागलाच की! त्याच्या बायकोला गाता येतं पण ती फक्त बाथरूममध्ये गाते. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्याला स्वतःला उंचावरून खाली बघवत नाही, म्हणून माझ्या खिडकीकडं पाठ करूनच बसतो. बघ, किती कळतं एका माणसाबद्दल.

तू या चकतीत आता नाक खुपसू नकोस. चाललंय ते ठीक चाललंय. इमारत नवी आहे, तिची खोड आपली आपण जाईल. तुला तुझी कामं थोडी आहेत का?

डोळे कसे आहेत तुझे? चष्मा लागला असणार, आपल्या घरात सगळ्यांना याच वयात लागतो.

तुझी मावशी


१५ मार्च

मावशी,

तू नाक खुपसू नकोस म्हणालीस, पण उशीर झाला, मी खुपसलं.

रागावू नकोस. तुझ्या 'ठीक चाललंय'वर माझा विश्वास नाही. आईही असंच म्हणायची, शेवटपर्यंत. मी तुझ्या ऑफिसला पत्र लिहिलं, नातं सांगितलं, धंदाही सांगितला, आणि इमारत बांधताना केबलच्या ज्या तपासण्या झाल्या त्यांचे कागद मागवले. त्यांनी पाठवले, बिचारे.

सगळ्या केबल पास. एकही नापास नाही. तिथंच मला शंका आली, कारण एवढ्या मोठ्या इमारतीत एकही नापास नसेल तर तपासणाऱ्याचं काहीतरी चुकलेलं असतं. आणि चूक अशी, मावशी, की आमच्या धंद्याबाहेरचा माणूस ती करूच शकत नाही.

तपासायच्या यंत्राला पुढं एक तोंड लावावं लागतं. तोंडं दोन प्रकारची येतात आणि दिसायला जवळजवळ सारखी. एक तोंड असं धरून चालतं की आपल्यात खोचलेला प्लग कारखान्यातला, चांगलाच असणार, म्हणून तो हिशेबातून सोडून देतं. सॉकेट असलेल्या जुन्या पद्धतीला ते बरोबर आहे. दुसरं तोंड त्या प्लगलाही तपासतं. छतात थेट यंत्राला जोडलेल्या केबलला हे दुसरं लावायचं असतं, कारण तिथं तोच प्लग हातानं बनवलेला असतो. तुमच्या इमारतीत त्यांनी सगळीकडं पहिलं लावलं. सगळी केबल तपासली आणि ज्या एका जागी चूक होण्याची सगळ्यात जास्त शक्यता, तीच जागा सोडली. कागदावर पास.

म्हणजे तुझी चकती विझलेली असताना तू पडलीस तर कुणाला कळणार नाही. ठिपका विझलाय की काय ते बघायला माणूस येईल तेव्हा येईल. हा विचार आला आणि मी त्याच रात्री ऑफिसला परत लिहिलं.

ऑफिसनं आभार मानलेत. तुझा प्लग ते लगेच बदलून घेताहेत. सगळ्या इमारतीची फेरतपासणी आमच्याच कंपनीला मिळाली आहे. दुसरी जोडी येईल तिकडं, मला इथून सुटका नाही. आता तू निर्धास्त झोप.

तुझी भिंगरी

ता. क. चष्मा लागला.


२ एप्रिल

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. माणसं आली, शिडी लावली, प्लग बदलला. ठिपका आता सारखा हिरवा असतो. विझत नाही.

तुझं खाली ऑफिसात फार कौतुक झालं. मलाही बरं वाटलं. भाची हुशार आहे म्हणाले.

माझी तब्येत ठीक आहे. हवा बदलते आहे. फार लिहिण्यासारखं काही नाही.

मावशी


४ मे

मावशी,

मधे दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. शेवटच्या पत्रात मला टोमणा नाही, आईची आठवण नाही, खाली 'तुझी' सुद्धा नाही. मी काय केलं?

राहवेना म्हणून परवा तुझ्या ऑफिसला विचारलं. त्यांनी लगेच कळवलं. चकतीच्या नोंदींप्रमाणे तू घरात असतेस, वेळेवर उठतेस, वेळेवर झोपतेस, हालचाल नियमित आहे, काळजीचं कारण नाही. वाचून जीव भांड्यात पडला. म्हणजे बरी आहेस आणि नुसती रुसली आहेस. रुसवा चालेल.

इथं काम जोरात आहे. लंबूनं काल सुतारकाकांची टोपी रंगाच्या डब्यात बुडवली. हसून हसून पुरेवाट झाली.

दोन ओळी तरी लिही.

तुझी भिंगरी


१३ मे

भिंगरे,

तू माझी तब्येत छताला विचारलीस?

मी इथं बसले आहे, हात आहे, पेन आहे, आणि तू छताला विचारलंस मावशी कशी आहे, आणि छत म्हणालं बरी आहे, आणि तुझा जीव भांड्यात पडला! हालचाल नियमित! अगं, पलंगापासून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीपासून पलंगापर्यंत, तिला नियमित नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आता स्पष्टच सांगते, कारण आडून सांगितलेलं तुला कळलं नाही. बिगूल यायचा तो ठिपका विझायचा म्हणून. बाकी कुणी येत नाही. येणंजाणं चालू असतं म्हणून तुला लिहिलं, ते सगळं येणंजाणं म्हणजे तो एकटा. शेजारीण दार उघडते, हसते आणि दार लावते. जेवणाच्या खोलीत सगळे आपापल्या टेबलावर बसतात. या गालिच्यांवर कुणी आलं तरी कळत नाही आणि कुणी येतही नाही. खालची घंटी मला ऐकू येते, भिंगरे. यंत्र लावलं तर चांगली ऐकू येते. दुपारी वारा सुरू झाला की मी यंत्र कानातून काढून ठेवायची.

तू प्लग बदलायला लावलास आणि तो यायचा बंद झाला. एकदा लिफ्टपाशी भेटला. केवढा आनंद झाला त्याला! म्हणाला, "आजी, तुमच्या खोलीपुढं आता सगळं हिरवं असतं, आम्हाला बघावंच लागत नाही."

मग मी एक वेडेपणा केला. ऐकून घे, ओरडू नकोस. एका दुपारी झाडू उलटा धरला, पलंगावर उभी राहिले आणि दांड्यानं त्या चकतीच्या मागं वायरीला ढोसायला लागले. तुझ्या माणसांनी काम पक्कं केलं होतं, बरंच ढोसावं लागलं. शेवटी विझला. आणि गादी मऊ, माझा तोल गेला, मी आडवी पडले. पलंगातच पडले, काही झालं नाही, कोपराला निळं झालं तेवढंच. पण तशी पडले असताना वर चकती बंद, आणि ती मीच बंद केलेली.

बिगूल धावत आला. जिन्यानंच आला असावा, धापा टाकत होता. त्यानं झाडू बघितला, छत बघितलं, मला बघितलं. पहिल्यांदाच तो हळू बोलला. म्हणाला, "आजी, असं करू नका. मला वर यायला कारण लागतं. कारण नसताना आलो तर साहेब विचारतात." त्याचं तरी काय चुकलं? त्यानं पाणी दिलं, बसला नाही, गेला. नंतर ऑफिसवाले चकतीवर जाळीचं टोपण बसवून गेले.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या कंपनीची जोडी फेरतपासणीला आली आहे. दोन चांगली पोरं आहेत, माझ्याकडं चहा पितात, आणि चहा पिणाऱ्या माणसाला मी प्रश्न विचारते हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, माझी भाची तुमच्यातच, सगळे मिळून जेवता ना तुम्ही, लंबू कसा आहे? ती पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, "ताई एकट्याच असतात. लंबू मागच्या वर्षीच सोडून गेला. त्यांनीच ऑफिसला सांगितलंय, मला जोडीदार देऊ नका म्हणून."

तुझ्या पत्रातले ते सगळेजण कुठं आहेत गं?

तुझी मावशी


२३ मे

मावशी,

तुझं पत्र जिन्यात वाचलं. उभ्यानंच. धडकले नाही, पण पुढं काही तपासणं झालं नाही त्या दिवशी.

आधी तुझं. तू पलंगावर चढलीस ते परत परत वाचलं. आणि मग त्या झाडूचं हसू आलं, आणि मग रडायला आलं, भर दुपारी, रिकाम्या मजल्यावर. मी इतकी शहाणी की केबलच्या शेवटच्या प्लगबद्दल ऑफिसला पानभर लिहिलं, आणि तुला एकदाही विचारलं नाही की मावशी, तू दिवसभर बोलतेस कुणाशी? मला फक्त तो ठिपका हिरवा हवा होता. हिरवा झाला की मी मोकळी.

आता माझं. कुणी नाहीये मावशी. लंबू खरा होता, तुला त्याच्या ज्या खोड्या लिहिल्या त्या खऱ्या होत्या, पण जुन्या होत्या. सुतार आणि रंगारी मी यायच्या आत काम संपवून गेलेले असतात. मी जाते तेव्हा इमारतीत कुणी नसतं, आणि माणसं राहायला यायला लागली की माझं काम संपलेलं असतं. एक यंत्र खाली लावते, जिना चढते, शिडी लावते, दुसरं वर लावते, पास आलं की उतरते, परत चढते. शिडी धरायला कुणी नसतं. कधीकधी दिवसभर माझा आवाजच मला ऐकू येत नाही. संध्याकाळी दुकानात काही मागताना घसा खाकरून घ्यावा लागतो.

लंबू गेला तेव्हा त्यांनी दुसरा माणूस देऊ केला. मी नको म्हटलं. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. माणूस बरोबर आला की विचारतो, घरी कोण कोण असतं? मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नव्हतं.

आणि अजून एक. हे न लिहिता पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. तुझ्या इमारतीची फेरतपासणी दुसऱ्या जोडीकडं आपोआप गेली नाही. आधी मलाच विचारलं होतं. तुझं नाव सांगून विचारलं होतं. मी नाही म्हटलं.

तुझा राग आला म्हणून नाही. तू आईसारखी दिसतेस म्हणून. ती गेली त्या दिवसांत तू दारात उभी राहिलीस, आणि मागून प्रकाश होता, आणि मला क्षणभर वाटलं की ती आली. मग तू 'अगं' म्हणालीस आणि तेही तिच्यासारखंच. त्या क्षणाची मला भीती बसली आहे. पत्रात तू फक्त मावशी असतेस, तुझा चेहरा नसतो. मी तुझ्या मायेला पत्रातच ठेवलं आणि तुला तिकडं एकटीला त्या चकतीखाली ठेवलं.

आता काय म्हणायचं ते म्हण.

तुझी भिंगरी


६ जून

भिंगरे,

'मलाच विचारलं होतं, मी नाही म्हटलं' असं तू लिहिलंयस तिथपर्यंत वाचलं आणि पत्र ओट्यावर उलटं ठेवून दिलं. पुढचं वाचायची हिंमत होईना. चहा केला तो प्यायले नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहिते आहे, लागलं मला. फार लागलं. मग पुढचं वाचलं.

वेडे, आरशात बघताना मला काय होत असेल? ती माझी धाकटी बहीण. केस विंचरायला उभी राहते आणि समोर ती उभी असते, म्हातारी झालेली, तिला कधी व्हायलाच मिळालं नाही तेवढी म्हातारी. पहिले काही महिने मी चाचपडतच भांग पाडला. आता तिच्याशी बोलते. तू पळून गेलीस, मला पळता येत नव्हतं एवढाच फरक.

तू इकडं ये असं मी म्हणणार नाही. बोलावून आलेल्या माणसाला परत जायची घाई असते, आणि तू येशील, छताकडं बघशील, सगळं ठीक आहे म्हणशील आणि जाशील. मी तुला ओळखते.

तेव्हा मीच येते आहे. ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही, म्हणूनच तर चालले आहे. साहेब गोंधळले, त्यांच्या कागदावर तसा रकाना नसावा. बिगुलाला त्यांनी बॅग खाली न्यायला पाठवलं. कारण मिळालं ना त्याला! त्यानं बॅग उचलली, मग ठेवली आणि बसून चहा घेतला. भाचीकडं किती दिवस, म्हणाला. मी म्हटलं, ती हाकलेपर्यंत.

त्या दोन पोरांकडून तुझ्या कामाच्या इमारतीचा पत्ता घेतला आहे. जिना मला चढवत नाही, पण लिफ्ट सुरू झाली आहे असं ते म्हणाले. तुझ्या मजल्यावर मला ते रीळ बसायला दे. शिडी मी धरीन, हाताला अजून तेवढा जोर आहे. मी बोलेन, तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. घरी कोण असतं असं मी विचारणार नाही, मला माहीत आहे.

आणि माझा चेहरा तुला बघवत नसेल तर मी तुझ्याकडं पाठ करून बसेन. पण बसेन.

तुझी मावशी